एक लाख ब्याऐंशी

वहीच्या शेवटच्या पानावर उभी रेघ मारली.
डावीकडे पांढरी, उजवीकडे राखाडी.
वही दुकानाचीच. पुढच्या पानांवर
दस्तगीरची उचल, टूलबिटांची उधारी, लाइट बिल,
आणि मागून सुरू होतं हे:
तेरा सत्त्याण्णव. पंधरा एकोणऐंशी.

शोरूमची किंमत निराळी, रस्त्यावरची निराळी.
मधल्या अंतरात पासिंग, विमा, फास्टॅग, पायपुसणी,
आणि हँडलिंग म्हणून एक आकडा,
त्याच्यावर बोट ठेवलं की
पांढरीवाला श्रेणिक मगदूम टायची गाठ सैल करतो.
राखाडीवाले कॉफी देतात.
हे पण लिहिलं मी, नंतर खोडलं.

मेव्हणा म्हणतो, सेडान आता कोण घेतंय हो दाजी,
उंच घ्या, पोट घासंल पोट,
आपल्याकडचे स्पीडब्रेकर म्हणजे थडगी.
म्हणू दे.
मला डिकी पाहिजे. मागच्या पावसात
गोकुळ शिरगावला नेताना सागवानी पॅटर्न भिजून फुगला,
एका कोपऱ्यात दीड मिलिमीटर,
आणि तेवढ्यासाठी पन्नास जॉब रिजेक्ट.
शोरूममध्ये टेप काढणारे पुष्कळ असतील,
व्हर्नियर काढणारा मी पहिला,
असं श्रेणिकच्या तोंडावर दिसलं.

विजयमाला मागच्या सीटवर बसली. उतरली. परत बसली.
गुडघा काय म्हणतोय ते ऐकत राहिली थोडा वेळ.
"ह्यात शिरताना देवळात वाकल्यागत होतंय."
आणि राखाडीत?
"तिथंबी देवच, पण उंबरा जरा खाली."
म्हणजे किती खाली, विचारलं,
तर म्हणाली, एक लाख ब्याऐंशी हजारांएवढा नव्हं.

रविवारी उद्यमनगरात
बाबासो लोहारच्या गॅरेजला गेलो.
दोघी योगायोगानं सर्व्हिसिंगला आल्या होत्या,
कुणाच्या तरी, जुन्या, चिखल लागलेल्या,
लिफ्टवर शेजारी-शेजारी.
खालनं बघू दे, म्हणालो.
वरनं सगळ्याच चकचकीत.

पांढरीखाली टॉर्च फिरवला
आणि हात थांबला.
इंजिनाला धरून ठेवणारा बिडाचा ब्रॅकेट.
चार भोकं. त्यातलं एक तिरकं.
ते तिरकं भोक मी झोपेतसुद्धा ओळखीन,
त्याच्यापायी तीन फिक्स्चर मोडीत गेलेत.
मग राखाडीखाली गेलो. उगीचच. म्हणजे
उगीच नाही, मला माहीतच होतं जाताना.
तेच. चार भोकं, एक तिरकं.

नगाला साडेअडतीस.
दिवाळीत त्यातले पंच्याहत्तर पैसे कापले,
मार्केट डाऊन आहे म्हणाले.
वरचा माणूस दोघांनाही माल देतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
मी तरी कुठं विचारलं.

तेलकट होता, तरी अंगठा फिरवला कडेवरनं.
एक बारीक बर राहिला होता.
कुणाला दिसणार नाही. गाडीला काही होणार नाही.
बाबासो म्हणाला, काय सापडलं?
म्हटलं, काय नाही, आपलंच आहे.

घरी येऊन वही उघडली.
रेघेच्या दोन्ही बाजूंना साडेअडतीस लिहिलं,
मग पंच्याहत्तर पैसे वजा केले, दोन्हीकडून.
फरक होता तेवढाच राहिला.
विजयमाला खांद्यावरनं बघत होती.
"त्यो तुमचा तुकडा नेमका कुठं बसतोय?"
पुढं, इंजिनाजवळ.
"मग मी पुढंच बसीन," म्हणाली. "मागं कशाला."
आणि मागच्या सीटचा अख्खा हिशेब
तिनं एका रेघेत काट मारून टाकला.

सोमवारी दस्तगीरला म्हणालो,
तिरक्या भोकाची कड जरा जास्त मार.
"कंप्लेंट आली?"
नाही.
"मग रेट वाढवला काय त्यांनी?"
नाही.
त्यानं माझ्याकडं बघितलं, मग कानस उचलली.
लेथच्या आवाजात खिशातला फोन थरथरत होता,
श्रेणिक असणार. महिनाअखेर.
हातात चालू जॉब होता.