जस्ताची वडी

पुस्तकात जस्त लोखंडाच्या वर,
तांबं पार खाली.
पाठ करा, मार्क आहेत, पाइलकर बाई म्हणाल्या.

हर्णैच्या बंदरात होडी ओढून घेतली की
दादा सुकाणूपाशी वाकतो,
पान्याने वडी सोडवतो.
नारळी पौर्णिमेला विटेएवढी होती,
आता चघळलेल्या सुपारीसारखी.
"खारं पाणी आधी हिला खातं.
ही आहे तोवर
सुकाणूला हात लावत नाही."

नववीतून सुटलेला तो.
अणू, समीकरण, काही येत नाही त्याला.
नवी वडी आवळतो,
बोटांच्या भेगांत मीठ.

प्रयोगवहीत मी लिहिते,
निरीक्षण: लोखंड शाबूत.
अनुमान:

आणि तो वाकल्या वाकल्याच म्हणतो,
फीचे पैसे
चहाच्या डब्याखाली ठेवलेत गो.