तास

वॉर्ड सहा, पलंग चार. सिरिल मॉटली, वय अठ्ठ्याऐंशी.
लघवीत संसर्ग, अंगात ताप,
तक्त्यावर एकच शब्द: डिलिरियम.

दोन्ही मुठी पलंगाच्या कठड्यावर,
रुमणं दाबून धरावं तशा.
“व्हायलेट, सरळ. प्रिन्स, तू ओढू नकोस रे.”
ते घोडे जाऊन सत्तर वर्षं झाली.

शेजारी लॅटिनचे निवृत्त मास्तर,
खुब्याचं हाड मोडलेलं, झोप नाही.
कुणी विचारलं नसताना अंधारातून म्हणाले,
“लीरा म्हणजे नांगराचा तास.
डे म्हणजे त्यातून बाहेर.
आधी बैल तास सोडायचा,
मग माणसंही सोडू लागली.”

हेझेलला राग आला.
लिंकनशरच्या नांगरट स्पर्धेत
तिच्या बापाच्या तासाला
पंच दोरी लावून बघायचे,
आणि गाव म्हणायचं, दोरीच वाकडी आहे.

पहाटे डॉक्टरीण आली, छोटी टॉर्च घेऊन.
“मिस्टर मॉटली, साल कोणतं? किती वाजले?”
तो म्हणाला,
“अजून अकरा राहिलेत.”

मराठीत घड्याळातलाही तास
आणि मातीतलाही तासच.
लिंकनशरमध्ये हे कुणाला ठाऊक असणार?
तिने एक विचारला,
त्याने दुसरा मोजून सांगितला,
तक्त्यावर फुली पडली.

मग हेझेल उठली.
सलाइनचा रिकामा स्टँड
ढकलत नेला समोरच्या भिंतीपाशी,
वर स्वतःचा पांढरा रुमाल बांधला.
शेताच्या पल्याडच्या कडेला तो अशीच काठी रोवायचा
आणि घोड्यांच्या कानांमधून
फक्त तिच्याकडे बघत चालायचा.
फाळाकडे कधीच नाही.

त्याची नजर भिंतीवर गेली, टिकली.
मुठी सुटल्या नाहीत,
थरथर तेवढी थांबली.
“असं होय,” मास्तर पुटपुटले
आणि कूस बदलता येत नाही हे आठवून
छताकडे बघत राहिले.

आठला झाडलोट करणाऱ्या बाईने
स्टँड परत कोपऱ्यात नेला,
रुमालाची घडी उशाशी ठेवली.
तोवर सिरिल घोरत होता.

नखांत माती नव्हती.
तरी हेझेलने कापूस ओला करून
एकेक नख पुसून घेतलं.