शुक्रवारचे सण

इथं सोहारमध्ये सगळे सण शुक्रवारी येतात.
संक्रांत मंगळवारी असली तर तीन दिवस
फ्रीजच्या वरच्या कप्प्यात थांबते.
दसरा रविवारी निघाला
तर त्याला बसून राहावं लागतं
दाराबाहेर, चपलांपाशी.

उज्ज्वला दर डिसेंबरात दिनदर्शिका पाठवते,
दुधाचा हिशेब नसलेली, कोरी.
तांबड्या आकड्यांकडे मी बघतो
शेजाऱ्याच्या मांडवाकडे बघावं तसा.
शिफ्ट पाचची. बस साडेचारला.
बसमध्ये ड्रायव्हर सोडून सगळे झोपलेले,
आणि ड्रायव्हरचंही खात्रीनं सांगता येत नाही.

आबा गेले ते सोमवारी.
शटडाऊन चालू होता, मी टाकीवर चढलेलो,
फोन खाली लॉकरमध्ये.
तेवढं एक शुक्रवारपर्यंत थांबलं नाही.
रडलो मात्र शुक्रवारी,
कपडे धुताना, नळ सोडून.

तर यंदा पाडवा आला बुधवारी
आणि गुरुवारी रोजे लागले.
लियाकत मुकादम, माझ्या खोलीतला, दाभोळचा,
म्हणाला, "कर की तू शुक्रवारी. माझं काय अडतंय?"

कडुनिंब इथं राउंडअबाउटवर भरपूर,
नगरपालिका त्याला नळीनं पाणी घालते.
पहाटे चोरासारखी डहाळी मोडली
तर एका ओमानी म्हाताऱ्यानं गाडी थांबवून विचारलं,
"पोट बिघडलंय का?"
मी म्हटलं, हो.
नव्या वर्षाचं अरबी मला येत नव्हतं.

काठी मॉपची. ब्रश काढून दांडा तीनदा धुतला.
तांब्या नव्हता, थर्मासचं झाकण पालथं घातलं.
वस्त्र म्हणून उज्ज्वलाची ओढणी,
तीन महिन्यांच्या व्हिसावर आली तेव्हा ती विसरून गेली
(मी लपवली होती).
गाठी कुठून आणणार?
जोबीनं त्याच्या गळाच्या दोऱ्यात, बी चुकवत,
एकवीस खजूर ओवले.
बाल्कनीबाहेर काही लटकवायचं नाही,
घरमालकाचा कागद दारावर चिकटवलेला आहे,
म्हणून गुढी आतच, एसीसमोर.
वारं सुटलं की ओढणी हलायची.
वारं चोवीस अंशांचं.

कावेरी व्हिडिओवर म्हणाली,
"बाबा, पाडवा परवाच झाला.
आमची साडी घडी घालून कपाटात पण गेली."
म्हटलं, इथं उशिरा पोचतो गं.
"दीडच तासाचा तर फरक आहे ना?"
भूगोलात हुशार आहे पोरगी.

दिवसभर चूल नाही पेटवली.
लियाकत उलट चिडला:
"माझ्यापायी उपाशी राहू नको.
पुण्य कुणाच्या खात्यात धरायचं मग?"
टेकबहादुरनं बाथरूममध्ये गुपचूप बिस्किटं खाल्ली,
चुरा मिशीला घेऊन बाहेर आला.

गुढी उतरवायला घेतली आणि
मशिदीतून आवाज आला, त्याच मिनिटाला.
दोऱ्याला निरगाठ बसलेली,
मी नखांनी उकरतोय,
लियाकत तळहात पुढे करून उभा,
"अरे, लवकर."
पहिला खजूर तुटला तो थेट त्याच्या तोंडात.
मग कडुनिंबाचं पान दिलं, गुळात चेचलेलं.
तोंड वाकडं करून चावत राहिला.
"आमची आजी पण द्यायची," म्हणाला,
"ह्याच दिवसांत. कशासाठी, ते कधी बोलली नाही."
मलाही नीट सांगता आलं नाही.
आरोग्याला चांगलं असतं, म्हटलं.

ताटलीत बिया मोजल्या, वीस भरल्या.
एक कुणाच्या तरी पोटात गेली.
टेकबहादुर शपथ घेतो, त्याच्या नाही.

ओढणी उशीच्या खोळीत परत.
मॉपला ब्रश लावला.
लादी पुसायची पाळी माझीच होती,
बुधवारपासून राहिलेली.