अकरा दहा ते साडेबारा

नाव ठेवलं कस्तुरी,
आणि सकाळी लंगोटांच्या बादलीचं झाकण काढलं
की डोळ्यांत पाणी.
मला वाटलं, दात येताहेत, त्याचा वास.
मग मांडीच्या घडीत लाल दिसलं.

खोबरेल लावलं. पावडर लावली.
सासूबाईंनी फोनवर सांगितलेली हळद
एक रात्र लावली, गादीला डाग तेवढा पडला.
लाल पुढेच सरकत राहिलं,
भरतीचं पाणी खाडीकाठच्या गवतात शिरतं तसं,
कडेबाहेर बारीक ठिपके सोडत.

नंबियार डॉक्टरबाईंनी दिव्याखाली घडी उघडली.
फार वेळ बघितलंही नाही.
"ओल्याने सोललेलं लाल घडीत शिरत नाही सहसा.
हे शिरलंय. बुरशी आहे."
हा शब्द भिंतीला ऐकला होता, पावाला, लोणच्याला.
आठ महिन्यांच्या मांडीला नव्हता ऐकला.
आमचं काय चुकलं, विचारलं,
तर त्या लिहीतच राहिल्या:
मलम पातळ, दोन वेळा. पावडर बंद.
बरं दिसलं म्हणून लगेच थांबायचं नाही.
"आणि हवा," पेन खाली ठेवत म्हणाल्या,
"उघडी राहू दे तिला."

हवा.
घणसोलीत, सप्टेंबरात,
जिथे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं
आणि जीन्सचा कमरपट्टा चौथ्या दिवशीही ओला.
महापेला रात्रपाळीत मी यंत्रांची हवा सांभाळतो.
किती थंड, किती कोरडी, पडद्यावर आकडे.
जरा दमट झाली की भोंगा वाजतो.
सकाळी सातला घरी येतो, इथे काहीच वाजत नाही.

आठवडाभर प्लास्टिकचे डायपर, असं ठरलं.
मेडिकलवाल्याने पाकीट
न मागता काळ्या पिशवीत घालून दिलं.
प्रणिता बँकेत निघताना म्हणाली,
हत्ती, अननस, निळे मासे,
चोवीस लंगोट किती हौसेने घेतले रे आपण.
मी म्हटलं, आहेत ना. धुऊन ठेवतो.

उकळायला मोदकांचं पातेलं काढलं
तर तिने नुसतं बघितलं. परत ठेवलं.
गावठाणात जाऊन नवं आणलं.
भांडेवाला म्हणाला, नाव घालू?
म्हटलं, नको.
पैसे देऊन वळलो, मग म्हटलं, घाला.
टक टक टक टक, काठावर: कस्तुरी.
त्यात सुती घड्या खदखदल्या.
हत्तीवाली वरची आवरणं मात्र नाही,
त्यांचं रबर मरतं; ती गीझरच्या पाण्यात,
साबण मोजून, मऊ करणारं ते सुगंधी काही न घालता,
आणि खळबळून, खळबळून,
बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडेपर्यंत.

आता ऊन.
आमचा तिसरा मजला, समोर बावीस मजली दोन टॉवर.
त्यांच्यामधल्या फटीतून ते येतं
अकरा दहाला, ग्रिलच्या डाव्या कोपऱ्यात,
आणि साडेबाराला निघून जातं
पार्किंगमधल्या कुणाच्यातरी गाडीवर.
मी गजर लावून उठायचो.
दोरी सरकवायची, घड्या उलटायच्या,
आणि राहिलेल्या चौकोनात चटईवर
हिला पालथी ठेवायची, उघडी.
पाच वेळा फरशी पुसली.
सहाव्यांदा मीही तिच्याशेजारी आडवा झालो,
जे ओलं होईल ते होईल.
ती ग्रिलच्या सावलीची पट्टी
मुठीत धरायला बघत होती.
सुटली की पुन्हा.

आधी ठिपके गेले.
मग कड फिकट झाली.
अकराव्या दिवशी घडी उघडली आणि आत
नुसती घडी होती.
प्रणिताला फोटो पाठवणार होतो,
मग वाटलं, कशाचा पाठवू.

लंगोट परत सुरू झालेत.
पातेलं ओट्याखाली आहे, तळाला पांढरा थर,
अजून दोन आठवडे उकळायला सांगितलंय.
गजरही तसाच आहे, अकरा दहाचा,
सुटीच्या दिवशीसुद्धा बंद करायला विसरतो.
बादलीचा वास?
येतो की. झाकण काढलं की येतोच.
पण आता तो नुसता मुताचा आहे.