पाच सेंटिमीटर

फळीवर पितळी पट्टी, पट्टीवर तिचं नाव:
ओर्तेन्सिया ओयार्सो.
पहिलं मुकं अक्षर कोरणाऱ्यानं खाल्लेलं.
"उच्चारत नाहीच कुणी," ती म्हणाली, "चालायचंच."
आणि टाळ्या वाजल्या,
कँटीनभर, रबरी हातमोज्यांच्या, ओल्या, बोथट,
जणू कुणी ओट्यावर मासे आपटतंय.

काल्बुकोत आम्ही सॅमन साफ करतो.
दिवसाला किती, ते फलकावर लिहिलेलं असतं.
त्या फलकाशेजारी आता ही फळी.

मॅनेजर बोलला. घटना त्यानं बरोबर सांगितली,
फक्त कोरडी सांगितली.
तीत चाकाओचा वारा नव्हता,
फेरीबोटीच्या डेकवर, दोन ट्रकांच्या मधे
उताणा पडलेला रेमिहिओ नावेल्किन नव्हता,
त्याच्या ओठांवर चढत गेलेला
शिंपल्याच्या आतल्या कडेचा निळा नव्हता.
"प्रशिक्षणाचा लाभ," असं तो म्हणाला.

लाभ!
आम्हाला आठवतो तो तास.
जेवणानंतरचा. पोटात बटाट्याचं कालवण, डोळ्यांवर झापड,
आणि फरशीवर तो बिनपायांचा रबरी माणूस,
ज्याला आम्ही नवरदेव म्हणायचो.
बाल्दोमेरो कार्कामो गुडघे टेकून घाम गाळायचा:
"तीस दाब, दोन श्वास. पाच सेंटिमीटर खोल!
कुरवाळताय काय, पोरींनो, दाबा त्याला!"
आम्ही हसून लोळायचो.
ओर्तेन्सिया सगळ्यांत जास्त.

पण नवरदेवाची बरगडी मोडत नाही.
हे तिनं मला नंतर सांगितलं, सुरीला धार लावताना.
रेमिहिओची मोडली, दुसऱ्याच तिशीत.
आवाज कानाला नाही, तळव्याला ऐकू आला.
कुणीतरी ओरडलं, थांब बाई, मारशील त्याला.
"थांबणारच होते," ती म्हणाली.
"मग बाल्दोमेरो खेकसला, इथं, कानात:
बरगडी जुळते. माणूस जुळत नाही."

बोट ऐन धारेत. पार्गुआचा धक्का अजून मुठीएवढा.
एका ट्रक ड्रायव्हरला तिनं आकडे म्हणायला लावले;
तो एकोणतीसवर दर वेळी अडखळायचा.
एका शाळकरी पोरानं तिच्या गुडघ्यांखाली
आपलं जाकीट सरकवलं, न विचारता.
सतरा मिनिटं.
त्याचं नाव कुठल्याच फळीवर नाही.

"दोन शब्द बोला," मॅनेजर म्हणाला.
तिनं माईक दोन्ही हातांनी धरला,
एकावर एक तळवा, कोपरं ताठ. सवय.
"बाल्दोमेरो कुठाय?"

शीतगृहाची घरघर तेवढी ऐकू आली.
सगळ्यांनाच ठाऊक होतं. मार्चपासून त्याचं कंत्राट नाही.
आता पडद्यावर चित्रफीत असते, शेवटी एक चौकोन:
'मला समजलं.' बोट लावलं की झालं.
"मला तर हसता हसता काहीच समजलं नव्हतं," ती म्हणाली.
"त्यानं माझं मनगट धरून खाली रेटलं, तेव्हा समजलं."
आणि खाली बसली.
मग केक कापला. चांगला होता केक.

रेमिहिओनं पोतंभर बटाटे पाठवले, जांभळ्या सालीचे,
घरच्या वाफ्यातले, माती न झटकलेले.
माणशी सहा आले.

गुरुवारी चहाच्या सुट्टीत
ती गोदामातून नवरदेवाला ओढत घेऊन आली.
अंगावर जुनी जाळी, एक कान उंदरानं कुरतडलेला.
नव्या पोरी हसल्या. तिनं हसू दिलं.
मग माझ्याकडे बघितलं,
मी, जिनं पडद्यावर चारदा बोट लावलंय.
ओल्या फरशीवर गुडघे टेकले.
माझ्या मनगटावर तिचा हात, माशांचा वास येणारा, जड.

दाबलं.
"अजून," ती म्हणाली.
मी दाबलं.
"अजून."