बोरगव्हाण रोड ते बोरगव्हाण रोड

तिकीट दहा रुपये. लहान मुलांना पाच.
जाड पुठ्ठ्याचं, जुन्यासारखंच छापून घेतलंय अमरावतीहून,
वर लिहिलंय: बोरगव्हाण रोड ते बोरगव्हाण रोड.
तारखेच्या यंत्रात घालून मी खट् करून देते.
लोक हसतात, पाकिटात जपून ठेवतात.
पूर्वी हेच तिकीट उतरल्यावर परत द्यावं लागायचं.

'रोड' म्हणजे गाव इथं नाही.
गाव तिकडे, पऱ्हाटीच्या पलीकडे, अडीच कोस.
रोडही नव्हता तेव्हा. बैलगाडीची चाकोरी,
पावसाळ्यात तीही नाही, नुसती काळी माती,
जी चप्पल मागते आणि परत देत नाही.

पिवळी पाटी तशीच आहे, तीन लिप्यांतली.
खाली बारीक: समुद्रसपाटीपासून २९७ मीटर.
पहिलीत असताना बाबांना विचारलं, समुद्र म्हणजे काय?
ते कंदिलाची काच राखेनं पुसत होते.
म्हणाले, "असन काही तरी. आपण त्याच्या वरते आहो,
एवढं ध्यानात ठेव."

आत तीन खोल्या.
मास्तरांच्या खोलीत गोळ्याचं यंत्र, लाल, काचेमागे.
'हात लावू नये.'
त्याला हात लागल्याशिवाय
बत्तीस वर्षं एकही गाडी हलली नाही इथून.
वजनकाटा. रुईची एक गाठ, आतून थर्माकोलची.
तिकीटखिडकीच्या फळीला नाण्यांनी पाडलेला खळगा,
त्याला कुणी चिठ्ठी लावलेली नाही.
तो मी दाखवते, माणूस बघून.

घड्याळ चार दहावर बांधलंय.
शेवटची गाडी सुटली ती वेळ, असं चिठ्ठी म्हणते.
वेळापत्रकात होती ती वेळ, हो.
गाडी आली पाच वाजून गेल्यावर.
अलीकडच्या फाटकाजवळ रुळावर म्हशी बसल्या होत्या
आणि ड्रायव्हर खाली उतरून
त्यांच्या मालकाला शोधत गावात गेला होता.
मी सांगितलं समितीला. वासेकर सर म्हणाले,
"ताई, इतिहासाला एक वेळ लागते."

कोपऱ्यात पुतळा, प्लास्टरचा.
अंगात बाबांचा निळा कोट, आमच्याच पेटीतून दिलेला.
पायाशी पाटी: पॉइंट्समन.
लहानूजी तिरपुडे एवढं नाव तिच्यावर मावलं असतं,
मी वितीनं मोजून पाहिलंय.
रंग गोरा. मिशी कुणाची तरी.
आणि दहाही बोटं.

बाबांना नऊ होती.
उजव्या हाताचं मधलं गेलं, डबे जोडताना, ऐन थंडीत,
आंबिया बहाराची संत्री वाघिणींत भरत होते तेव्हा.
बोट सापडलं नाही.
आई कितीतरी दिवस रुळांमधल्या खडीत बघत चालायची.
मिळून काय करणार होती, तिलाच ठाऊक.
पुढे नऊ बोटांवरच त्यांनी मला पाढे शिकवले,
नवाचा सगळ्यात आधी.

गेल्या माघात शाळेची सहल आली.
एका पोरानं पुतळ्याशी हात मिळवला
आणि करंगळी त्याच्या हातात आली.
बाईंनी धपाटा घातला.
मी म्हटलं, "राहू द्या बाई, काही नाही झालं."
पोराला म्हटलं, "बरं केलं रे बापा."
ते आणखीच घाबरलं.

करंगळी, आणि तीही डाव्या हाताची.
तेवढं चुकलं.

समितीचं पत्र आलंय: दुरुस्तीला माणूस पाठवतो,
बोट सांभाळून ठेवावे.
ठेवलंय. तिकिटांच्या खणात, सुट्ट्या पैशांबरोबर.
माणूस आला की म्हणणार आहे, सापडत नाही.

पाचला दार लावते.
बाहेर चाळीस फूट रूळ ठेवलेत,
बाकीचे उपटून ट्रकमधून गेले.
कुलूप लावलं की मी त्यांच्यामधून चालते,
किल्ली मुठीत, टोक येईपर्यंत,
आणि खडीत बघत नाही,
असं नाही.