जुडगा

आप्पांना सांगितलं, मी कर्नलमध्ये काम करते,
तर म्हणाले, मिलट्रीत कवा गेलीस?
मग गाभा म्हटलं, गर म्हटलं,
नारळातलं खोबरं म्हणून पाहिलं.
शेवटी म्हटलं, किल्ल्या सांभाळते.
तेव्हा त्यांनी चहाची बशी खाली ठेवली.

पद्माकर मढवी, टाइम ऑफिस,
रबाळ्याची रंगाची कंपनी, बावीस वर्षं.
भिंतीवर एकशे दहा खिळे, प्रत्येकाला पितळी बिल्ला,
आणि एक लांबट रजिस्टर:
क्रमांक, नेणाऱ्याची सही, वेळ, परत.
वरचे साहेबसुद्धा सही करून न्यायचे.
साहेब असशील तुझ्या घरी, असं आप्पा त्यांना सुनवायचे,
अर्थात आमच्या घरी येऊन.

माझ्या खिळ्यांना भिंत नाही.
एक जुडगा धाग्याचा, एक प्रोसेसचा, एक सेशनचा.
कुणी किल्ली मागितली की कर्नल याच क्रमानं चाचपत जातो,
आधी मुठीत, मग खिशात, मग पिशवीत,
आणि कुठेच नाही मिळाली
तर बाहेरच्या मुलखात एका पोऱ्याला पिटाळतो,
जा, कुणाकडे आहे बघून ये.
पोऱ्या परतेपर्यंत
मागणारा आहे तिथेच झोपून राहतो.

परवा ऐरोलीच्या सेंटरमध्ये
रात्री अडीचला एका पतपेढीचा बॅकअप अडला.
परवानगी नाही.
बिलकीसनं तीनदा पाहिलं. किल्ली होती,
यादीत ठळक दिसत होती, मालक म्हणून आमचंच नाव.
मालकी होती, ताबा नव्हता.
कुणीतरी नवं सेशन उघडलं होतं
आणि त्याच्या जुडग्यात ती अडकवलीच नव्हती.
कर्नलच्या लेखी ताबेदाराचा हक्क वेगळा मोजतात,
आणि मालकाला आम्हीच नुसतं बघण्यापुरतं ठेवलं होतं.

हे वाक्य मी घरी बोलत नाही.
दिव्याच्या ज्या खाजणात आजी भात लावायची
तिथेच कुठेतरी तो सर्व्हर गरगरतो,
मी त्याच्यासमोर बसते गळ्यात कंत्राटी पट्टी घालून,
आणि जुना सातबारा आप्पांच्या ट्रंकेत आहे,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.

एक ओळ लिहिली. किल्ली अडकवली. बॅकअप हलला.
बिलकीस म्हणाली, एवढंच होतं?
एवढंच असतं.

उरलेली रात्र लॉग वाचत काढली.
किल्ली नाही.
मुदत संपली.
काढून घेतली.
नकारच सगळे, पण मला तो शेवटचा बरा वाटतो,
निदान होती एवढं तरी तो कबूल करतो.
तेही थोडाच वेळ.
मग झाडूवाला येतो, नावासकट गोळा करून नेतो,
आणि पुन्हा विचारलंत
तर उत्तर येतं, किल्ली नाही.

कंपनीला टाळं लागलं त्या दिवशी
आप्पांनी शेवटच्या रकान्यात एकशे नऊ सह्या घेतल्या.
एक्केचाळीस नंबर कोरा राहिला.
अजून जेवताना मध्येच थांबतात.
एक्केचाळीस कोणी नेली असंल?
आई म्हणते, भात निवतोय.

सकाळी घरी आले तर म्हणाले,
दाखव तरी तुझी ती कशी असते.
म्हटलं, मलाही दिसत नाही.
शोधता येते, वापरता येते,
वाचायची परवानगी नाही.
कोणी नाही दिली?
मीच. मला.

वाटलं, आता हसतील.
ते खिडकीच्या गजाकडे बघत राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, आमची बारा नंबर होती,
मागच्या गोदामाची.
बावीस वर्षं रोज काढून दिली, रोज मोजून घेतली.
आत काय होतं, कधी बघितलं नाय.

वास यायचा.